आत घेतलेली शिवण

धर्मराजरावांच्या गाडीची शिवण बाहेरून होती, आणि पुढचं सगळं त्या शिवणीपायी झालं.

गाडीला कुठं शिवण असते का, असं ज्यांना वाटेल त्यांनी ती जुनी विलायती मिनी पाहिलेली नाही. गाडी इवलीशी. चारी कोपऱ्यांना जिथं पत्र्याला पत्रा मिळतो, तिथं बोटभर कड उभीच्या उभी बाहेर आलेली. छपराच्या भोवतीनंही तशीच कड, पावसाचं पाणी वाहून जायला पन्हाळ असते तशी. बाकीच्या गाड्या आपले सांधे पोटात दडवून ठेवतात, हिनं ते अंगावर मिरवले होते. जालन्याच्या एका वकिलांनी ती कधीकाळी हैदराबादेहून आणली होती. वकील थकले आणि गाडी अंबडला धर्मराजरावांच्या दारात आली. वकिलांच्या दारात असताना तिला कुणी हसलं नव्हतं, पण वकिलाला हसायची छाती कुणाची असते? धर्मराजराव पडले एसटीतले.

एसटीतले म्हणजे अंबड स्टँडवर वाहतूक नियंत्रक. सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. काचेच्या खोलीत भोंग्यासमोर बसून कुठली गाडी कुठं लागली ते सांगायचं, हे त्यांचं काम. ते काम ते कीर्तनकाराच्या निष्ठेनं करत. भोंग्यातून मराठी शुद्धच गेली पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. "घनसावंगी लागली का?" असं खिडकीशी येऊन कुणी विचारलं तर ते आधी त्याला वाक्य दुरुस्त करून देत आणि मग गाडी सांगत. तोवर गाडी निघून गेलेली असे, पण भाषा वाचलेली असे. अशा माणसानं स्वतःची मोटार घेतली, ती धुऊनपुसून पहिल्या दिवशी स्टँडवर आणली, आणि रामकिसन ड्रायव्हरनं चहाचा ग्लास हातात धरून गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"साहेब," तो म्हणाला, "गाडी उलटी घातली जनू."

झालं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य डेपोभर झालं, दुसऱ्या दिवशी बाजारात गेलं, आणि तिसऱ्या दिवशी भाजीवाल्या बाईनं मेथी निवडता निवडता विचारलं की उलट्या सदऱ्याची गाडी तुमचीच का. कंट्रोलर साहेबांनी सकाळी घाईघाईत गाडी घातली, शिवण बाहेर राहिली, आता घरी जाऊन सुलटी करून घालतील, असा तो विनोद होता. विनोद म्हणून वाईट नव्हता. दुसऱ्याच्या गाडीवर असता तर धर्मराजरावही हसले असते. पण स्वतःच्या अब्रूवरचा विनोद कितीही चांगला असला तरी माणसाला त्यात व्याकरणाच्या चुका दिसू लागतात.

घरी येऊन त्यांनी हे गिरिजाबाईंना सांगितलं. गिरिजाबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. शिवणकाम करायच्या, आणि तेही फक्त तान्ह्या लेकरांचं. झबली, टोपडी, दुपटी. अंबडात कुणाच्या घरी पाळणा हलला की पहिलं झबलं गिरिजाबाईंच्या हातचं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. त्याबद्दल त्या दोघांत बोलणं कधीच संपलं होतं. झबली मात्र चालू होती.

त्यांनी ऐकून घेतलं, ओल्या हातानं बाहेर आल्या आणि गाडीच्या पुढच्या शिवणीवरून वरून खालपर्यंत बोटं फिरवली.

"खुळे हायत लोकं," त्या म्हणाल्या. "तान्ह्या लेकराला झबलं उलटंच घालत्यात. शिवण आतून टोचू नये म्हणून. ज्यानं ही गाडी केली ना, त्याच्या घरी लेकरू असंल."

धर्मराजरावांना हे बोलणं आवडलं. पण स्टँडवर रामकिसनला हे उत्तर देता येईना. 'माझ्या गाडीनं झबलं घातलंय' असं सांगितलं असतं तर बदली मागून घ्यायची वेळ आली असती.

गिरिजाबाईंना गाडीचं एकच कौतुक होतं. या गाडीतून एकदा वाटूरला जायचं. वाटूर त्यांचं माहेर. तिथं भाऊ पुंजाराम शेती बघायचा आणि आई साळूबाई ओसरीवर बसून सगळ्यांना बघायची. "आईचं तोंड डोळं भरून बघून येऊ," असं त्या म्हणायच्या, आणि धर्मराजराव ते माहेरवाशिणीचं नेहमीचं बोलणं समजायचे. डोळ्यांचं काही तरी चालू आहे हे त्यांना माहीत होतं, नाही असं नाही. सुईत दोरा ओवायला वेळ लागायचा. चालताना चौकटीला खांदा लागायचा. कडेनं धूर आल्यावाणी दिसतं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. म्हणून दिवाळीच्या आधी गाडी काढून दोघं औरंगाबादेला डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले.

आणि तिथं घात झाला. दवाखान्यासमोर गाडी उभी करताच चार माणसं जमली. एकानं शिवणीला हात लावून पाहिलं, दुसऱ्यानं विचारलं की ही कारखान्यातून अशीच निघते की अर्धी राहिली. त्या माणसांच्या तावडीत गाडी एकटी सोडून आत जाणं धर्मराजरावांना पटेना. ते म्हणाले, "तू हो पुढं, मी गाडीपाशी थांबतो." गिरिजाबाई भिंतीला हात लावत आत गेल्या. डॉक्टर जे बोलले ते एकट्या गिरिजाबाईंनी ऐकलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा धर्मराजराव एका माणसाशी शुद्ध मराठीत भांडत होते. नवऱ्याचा लालबुंद चेहरा त्यांना तेवढा दिसला असावा. काय म्हणाले डॉक्टर, असं धर्मराजरावांनी गाडी सुरू करताना विचारलं. थेंब दिलेत, बरं आहे म्हणाले, असं गिरिजाबाईंनी सांगितलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "अहो, इथून असंच वाटूरला जाऊ का? आत्ताच."

"अशी गाडी घेऊन?" धर्मराजराव म्हणाले. "तुझ्या माहेरचे काय म्हणतील? जावयाची गाडी उलटी. थोडी थांब. आधी गाडीचं होऊ दे."

मंग मी एसटीनं जाऊन येते, असंही त्या एकदा म्हणाल्या. त्यावर धर्मराजरावांना फारच लागलं. दारात स्वतःची मोटार असताना बायको एसटीनं जाणार, तीही एसटीच्याच माणसाची? लोकांनी म्हणावं तरी काय? गिरिजाबाई पुन्हा एसटीचं बोलल्या नाहीत. एसटीची पायरी आता आपल्याला दिसत नाही, हे त्या तेव्हाही बोलल्या नाहीत.

तर गाडीची शिवण काढायची, असं ठरलं. असं काही ठरलं की शेजाऱ्यांना ते वासानं कळतं. बद्रीनाथ शेजारच्या घरात राहायचे. शेतकी खात्यातून निवृत्त झाले होते आणि सल्ला देण्याचं काम मात्र बिनपगारी चालू ठेवलं होतं. त्यांनी कुठल्याशा जुन्या मासिकात विलायतेतल्या एका हौशी माणसाच्या मिनीचं चित्र पाहिलं होतं. त्यानं सगळ्या शिवणी कापून, झाळून, घासून गाडी अशी गुळगुळीत केली होती म्हणे, की साबणाची वडी. बद्रीनाथ हे साबणाची वडी इतक्या वेळा म्हणाले की धर्मराजरावांना आंघोळ करतानासुद्धा आपली गाडी दिसू लागली.

जालन्यात गाड्यांचे पत्रे सरळ करणाऱ्या एका डेंटरला दोघांनी गाडी दाखवली. त्यानं वाकून पाहिलं आणि हात झटकले. ही शिवण नाही, गाडीची कंबर आहे, हात लावू नका, असं तो म्हणाला. परतीच्या वाटेवर बद्रीनाथांनी सांगितलं की जालन्याच्या लोकांना गर्व फार, आपल्या अंबडात रायभान असताना जालन्याला यायचंच कशाला.

रायभान पत्र्याच्या धान्यकोठ्या करायचा. पेट्या, कूलर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जे चौकोनी असेल ते सगळं. स्वभावानं सरळ, आणि सांगितल्या शब्दाला पक्का. त्याचं दुकान म्हणजे एक लिंबाचं झाड, एक वेल्डिंगचं यंत्र आणि मागं घर. त्यानं गाडीभोवती फिरून विचारलं, नेमकं काय करायचं. शब्द नेमका पाहिजे हा धर्मराजरावांचा नियम. आयुष्यभर शिवणवाल्या बाईबरोबर संसार केलेला, तेव्हा जो शब्द जिभेवर आला तो त्यांना अगदी बरोबर वाटला.

"ही जी बाहेर आलेली शिवण आहे," ते म्हणाले, "ती आत घे."

रायभानची मान डोलली. "किती?"

या 'किती'नं खरं तर माणसानं सावध व्हावं. पण धर्मराजरावांना वाटलं, किती ठिकाणी असं तो विचारतो आहे. "सगळी," ते म्हणाले.

मराठी भाषेत शिवण आत घेणं म्हणजे कपडा अंगासरशी करणं, हे पोलकं शिवून घेतलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. रायभानच्या बायकोची, आसराबाईची, पोलकी गिरिजाबाईंच्या ओळखीच्या शिंप्याकडे आत घेतली जायची, तेव्हा रायभानलाही ते ठाऊक होतं. एवढीशी गाडीसुद्धा आत घ्यायची म्हणजे कंट्रोलर साहेबांना ती सैल होत असणार, असं त्याला वाटलं. साहेब लोकांच्या गरजा आपण विचारू नयेत. त्यानं चारी कोपऱ्यांच्या कडा कापल्या, लिंबाला साखळी बांधली, पत्रे एकमेकांवर अंगठाभर चढतील इतके ओढले आणि वरून झाळून टाकले.

धर्मराजराव पाहायला आले तेव्हा गाडी खरंच अंग चोरून उभी होती. त्यांनी दार लावून पाहिलं. खाली घासलं, वर बोटभर फट राहिली. दुसरं दार लागलंच नाही. पुढचा दिवा किंचित तिरळा बघत होता.

मग जे भांडण झालं ते लिंबाखाली बसलेल्या लोकांनी पुढं बरेच दिवस सांगितलं. धर्मराजरावांचं म्हणणं, आत घे म्हणजे आत वळव, दिसू देऊ नकोस. रायभान शांतपणे हात पुसत होता.

"मंग 'आत घाल' म्हनायचं व्हतं, साहेब," तो म्हणाला. "घेनं अन् घालनं एक असतंय का? तुम्ही आत घे म्हनलात, म्या बराबर आत घेतली."

इतकी वर्षं भोंग्यातून मराठी सुधारलेल्या माणसाचं वाक्य रायभाननं दुरुस्त करून दिलं होतं. धर्मराजराव घरी आले, जेवले नाहीत. गिरिजाबाईंनी सगळं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून खूप हसल्या. पुढच्या कित्येक महिन्यांत त्या तेवढ्याच हसल्या.

दुरुस्ती करायची म्हणजे झाळलेलं पुन्हा कापायचं. रायभाननं कापलं. आता या खेपेला कडा आत घातल्या, म्हणजे गाडीच्या पोटात वळवल्या. एवढं झाल्यावर बद्रीनाथ म्हणाले, छपराची पन्हाळ तशीच ठेवली तर सुंता करून टोपी विसरल्यासारखं होईल. या उपमेचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण पन्हाळ काढायचं ठरलं. रायभाननं ती एका दमात भोवतीनं कापली आणि अख्खं छप्पर झाकणासारखं हातात आलं. छप्पर त्या कडेलाच धरलेलं होतं, हे कापल्यावर कळलं.

ते छप्पर बरेच दिवस लिंबाखाली पडून होतं. तेव्हा उन्हाळा लागला होता. आसराबाईला इतका स्वच्छ, कोमट, गोलसर पत्रा आयता मिळाला. तिनं त्यावर कुरडया घातल्या. धर्मराजराव एकदा तपास करायला गेले तर छपरावर कुरडया, गाडीत कोंबडी, आणि रायभान लग्नाला मंठ्याला गेलेला. स्टँडवर रामकिसननं विचारलं, साहेब, टोपडंबी काढलं का? धर्मराजरावांनी भोंग्याचं बटण दाबून त्याच्या गाडीची वेळ झाल्याचं जाहीर केलं. वेळ झाली नव्हती.

मधल्या काळात गिरिजाबाई दोनदा म्हणाल्या, आईला बघायला जाऊ. एकदा म्हणाल्या, गाडी न्हाई तर न्हाई, कुणाची जीप करा. धर्मराजरावांनी दर वेळी तेच सांगितलं, गाडीचं होऊ दे. त्यांच्या मनात चित्र होतं. वाटूरच्या फाट्यावरून साबणाच्या वडीसारखी गाडी वळते, पुंजाराम ओसरीवरून उठतो, चार माणसं जमतात आणि एकही हसत नाही. आपण हे बायकोसाठी करतो आहोत, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं. तिच्या माहेरी तिची मान ताठ राहावी म्हणून. या चित्रात गिरिजाबाई कुठं होत्या, ते त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पावसाळ्याच्या तोंडाला छप्पर पुन्हा बसलं आणि गाडी रस्त्यावर आली. पन्हाळ नसल्यानं पाणी सरळ दारातून मांडीवर येत होतं, पण ते किरकोळ. खरी अडचण म्हणजे एका चौकीवर अडवून विचारलं गेलं, कागदावरची गाडी आणि ही गाडी एकच कशावरून? अंगात फेरफार केला तर परवानगीचा अर्ज पाहिजे. धर्मराजराव एका कचेरीत गेले. कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, सगळ्या कचेऱ्या आतून एकाच पिवळ्या रंगाच्या असतात. अर्जात 'कामाचे स्वरूप' अशी ओळ होती. त्यांनी पुष्कळ विचार केला, रायभानचा धडा आठवला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बाहेरील शिवण आत घालण्याचे काम'. खिडकीतल्या माणसानं 'शिवण' एवढंच वाचलं असावं. त्यानं अर्जावर काही तरी खरडून तो डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि कळवू म्हणाला.

त्यांनी खरंच कळवलं, हे या गोष्टीतलं मोठं आश्चर्य. पाऊस ओसरल्यावर एका दुपारी टेंपो आला आणि धर्मराजरावांच्या दारात एक नवंकोरं शिलाई मशीन उतरवून गेला. गरजू महिलांच्या कुठल्याशा योजनेत ते मंजूर झालं होतं. गठ्ठा चुकला होता, बाकी सगळं नियमाप्रमाणं होतं.

बद्रीनाथ इतके हसले की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. धर्मराजरावांनाही हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा काही तरी फुकट मिळालं होतं. त्यांनी मशीन स्वतः ओसरीवर उजेडात लावलं, दोऱ्याची गुंडी चढवली आणि गिरिजाबाईंना हाक मारली. ओव दोरा, म्हणाले, मुहूर्त कर.

गिरिजाबाई बसल्या. मशीनवरून हात फिरवला, चाक चाचपलं. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि सुईच्या दिशेनं नेलं. दोरा सुईपासून चांगला चार बोटं लांबून गेला. त्यांनी पुन्हा नेला. पुन्हा हवेतच गेला. मग त्यांनी दोरा गुंडीला गुंडाळून ठेवला.

"चांगली हाय मशीन," त्या म्हणाल्या. "कुन्या गरजूला देऊन टाका."

बद्रीनाथांचं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. ते उठून आपल्या घरात गेले. धर्मराजराव आपल्या बायकोकडे बघत राहिले. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, घरातून शेवटचं झबलं कधी गेलं. आठवेना. मागच्या संक्रांतीनंतर गेलं होतं का? जुनं मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली होती. ती बरणी ते रोज बघत होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"औरंगाबादच्या डाक्टरनं सांगितलंच व्हतं," गिरिजाबाई म्हणाल्या. "गेलेलं परत येत न्हाई म्हनला, ऱ्हायलेलं जपा. जे बघायचं ते बघून घ्या म्हनला. आता उजेड अंधार तेवढा कळतो."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही गाडीचं होऊ द्या म्हनत व्हता."

तिच्या आवाजात राग असता तर धर्मराजरावांना बरं वाटलं असतं. तो नव्हता. ते ओसरीच्या खांबाला टेकून खाली बसले आणि हमसून रडले. गिरिजाबाईंनी आवाजाच्या रोखानं हात पुढं केला, तो आधी मशीनला लागला, मग त्यांच्या डोक्याला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी रजा टाकली. वाटूरला जायचं, आता, असेल त्या गाडीनं. पण नशिबाची तऱ्हा अशी की गाडी नेमकी तेव्हाच झाली होती. अर्ज दिल्यापासून ती पुन्हा रायभानच्या लिंबाखाली होती; त्यानं तिला घासून, खाचांत लांबी भरून, शेवटचा रंग दिला होता, आणि काय सांगावं, ती खरोखर साबणाची वडी दिसत होती. शिवण नाही, कड नाही, नजर कुठंही अडकत नाही. धर्मराजरावांनी ती दारात आणून उभी केली. गल्लीतली माणसं बघायला आली, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

गिरिजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बाहेर आल्या. त्यांची एक रीत होती, जी धर्मराजरावांनी शंभरदा पाहिली होती आणि कधीच पाहिली नव्हती. पायऱ्या उतरून त्या हात पुढं करायच्या, पुढच्या शिवणीची कड हाताला लागायची, आणि तिथून वीतभर मागं दार. आज हात पुढं झाला, पत्र्याला लागला आणि घसरत गेला. त्या पुढं सरकल्या. दिव्यापर्यंत गेल्या, परत फिरल्या. तळहात गुळगुळीत पत्र्यावरून कडा शोधत होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ही लोकाची गाडी दिसती. आपली कुठं लावली?"

धर्मराजराव पुढं झाले आणि चारचौघांत त्यांनी बायकोचा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच असावा. "हीच आहे," ते म्हणाले आणि त्यांना आत बसवलं. बसता बसता गिरिजाबाईंचा गुडघा दाराच्या पुढच्या अंगाला कशाला तरी लागला. त्यांनी चाचपलं. रायभाननं पोटात घातलेली कड तिथं उभी होती, चांगली धारेची.

"इथं आली व्हय," त्या म्हणाल्या.

"टोचते का? थांब, पोतं लावतो."

"ऱ्हाऊ द्या. वळखीची हाय."

जालन्यावरून वाटूरपर्यंत गिरिजाबाई त्या कडेवर हात ठेवून बसल्या. कापूस फुटलाय का, असं मधे विचारलं. धर्मराजराव एरवी बायकोशी कमी बोलणारे, पण त्या दिवशी त्यांनी वाटेतला सगळा रस्ता सांगितला. कुठलं गाव आलं, कुठं पूल लागला, कुणाच्या रानात तूर आहे. भोंग्यातून सांगावं तसं, फक्त हळू. काही वाक्यं अशुद्ध गेली, ती तशीच जाऊ दिली.

वाटूरच्या फाट्यावरून गाडी वळली आणि त्यांच्या मनातलं चित्र जसंच्या तसं घडलं. पुंजाराम ओसरीवरून उठला. माणसं जमली. कुणी तरी म्हणालं, काय गाडी ठेवलीय दाजींनी, एक सांधा दिसत न्हाई. धर्मराजरावांनी ते ऐकलं. याच शब्दांसाठी वर्ष घालवलं होतं. ते शब्द आता कुठं ठेवायचे, हे त्यांना सुचेना. ते बायकोला धरून ओसरी चढवत होते.

साळूबाई खाटेवर बसल्या होत्या. गिरिजाबाई त्यांच्यापुढं बसल्या आणि आईच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवू लागल्या. कपाळ, भुवया, बसलेले गाल, हनुवटी. सगळं पुन्हा पुन्हा. पुंजारामला आधी काही कळलं नाही, मग कळलं, आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हाताऱ्या साळूबाईंनी लेकीला जवळ ओढलं. त्यांचा हात पदराखालून पाठीवर फिरत होता. फिरता फिरता तो थांबला.

"गिरजे," त्या म्हणाल्या, "पोलकं उलटं घातलंस गं."

धर्मराजरावांनी पाहिलं. पदर सरकला होता. बाहीवर शिवण बाहेर होती, लोंबणाऱ्या दोऱ्यांसकट, वरपासून खालपर्यंत. तीच बाही अंबडपासून त्यांच्या शेजारी होती. जमलेल्या माणसांत एका बाईला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. गिरिजाबाईंचा हात दंडावर गेला. शिवण हाताला लागली तशी त्यांची मान खाली गेली. आयुष्यभर गावाच्या लेकरांचं शिवलेली बाई, माहेरच्या ओसरीवर चारचौघांत, उलटं पोलकं घालून बसली होती.

"उलटं न्हाई, मामी," धर्मराजराव म्हणाले. त्यांचा आवाज ओसरीच्या बाहेरपर्यंत गेला. "म्याच सांगितलं तिला तसं घालाया. शिवण आतून टोचती."

गिरिजाबाईंनी पदर ओढून घेतला नाही. त्या आईच्या मांडीला टेकून बसल्या, आणि दंडावरच्या शिवणीवर ठेवलेला हात त्यांनी तसाच राहू दिला.